कोल्हापूर संस्थानातला पणजोबा कागदांत कसा शोधायचा

सध्या जो तो खापरपणजोबा शोधायला लागलाय, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी पुरावा पाहिजे, कुणाला जमिनीसाठी, आणि थोडे माझ्यासारखे नुसत्या हौसेपोटी. आणि सुरुवात सगळ्यांची एकच, आडनाव गुगलवर टाकायचं, मग त्या आडनावाचा कुठला तरी सरदार सापडतो आणि आपण त्याचेच वंशज असं ठरवून लोक मोकळे. असं करू नका. त्या काळातल्या सरकारला तुमच्या पणजोबाशी काही घेणंदेणं नव्हतं, त्याला सारा पाहिजे होता. म्हणून नोंद राहिली ती जमिनीची, वतनाची (गावच्या कामाबद्दल पिढीजात मिळालेला हक्क), इनामाची, पगाराची, आणि माणूस त्यात आला तो पैसे भरणारा नाहीतर घेणारा म्हणून. तेव्हा प्रश्न दोनच विचारायचे, पणजोबा पोटाला काय करत होते आणि सारा कुणाला भरत होते. बाकी सगळं त्यातनं निघतं.

जनगणनेचं आधीच सांगून टाकतो कारण ते सगळ्यांच्या डोक्यात असतं. इंग्रजांच्या काळात दर १० वर्षांनी शिरगणती झाली हे खरं, पण घरोघरच्या नावांचे कागद जपलेले नाहीत, मिळतात ते आकड्यांचे तक्ते. गावात किती घरं, किती डोकी, एवढंच. तिकडं वेळ घालवू नका.

आता सारा कुणाला, हे कोल्हापुरात फार महत्त्वाचं. पुण्या-साताऱ्याच्या माणसानं लिहिलेली माहिती वाचून आपले लोक ब्रिटिश कलेक्टरचं दप्तर शोधत बसतात, पण कोल्हापूर संस्थान होतं, १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, तोपर्यंत इथला कारभार करवीर सरकारचा, म्हणजे छत्रपतींच्या दरबारचा. इंग्रजांचा पोलिटिकल एजंट, पुढं रेसिडेंट, इथं बसायचा पण तुमच्या गावाचा पाटील-कुलकर्णी काही त्याला हिशोब देत नव्हता. आणि संस्थानातसुद्धा सगळी गावं थेट दरबारची नव्हती, विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी, कापशी अशा जहागिऱ्या होत्या आणि त्यांचे कारभार आणि दप्तरं वेगळी. कुरुंदवाड तर पटवर्धनांचं वेगळंच संस्थान, आज ते शिरोळ तालुक्यात आहे म्हणून फसू नका. चंदगडकरांनी अजून लक्ष द्यायचं, चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, म्हणजे तिथले जुने कागद ब्रिटिश मुलखातले. उलट रायबाग आज कर्नाटकात पण तेव्हा कोल्हापूर संस्थानात. तालुक्यांची नावं पण बदललीत, जुन्या कागदात ‘पेटा आळते’ दिसलं तर तो आजचा हातकणंगल्याचा भाग. म्हणून एका कोऱ्या कागदावर पहिल्यांदा गाव लिहा, त्याखाली ते गाव १९४९ च्या आधी कुणाकडं होतं ते लिहा, मग घराबाहेर पडा. गाव कुणाचं हे १८८६ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या कोल्हापूर खंडात बऱ्यापैकी कळतं (चोविसावा खंड, नेटवर फुकट आहे), त्याच्याही आधीचा मेजर ग्रॅहॅमचा १८५४ चा रिपोर्ट आहे. दोन्ही इंग्रजीत आहेत, आणि त्यात तुमच्या पणजोबाचं नाव असणार नाही, पण गावाची परिस्थिती, जहागिरी, वतनं, बाजार सगळं सापडतं.

घरापासून सुरुवात करा

घरातली म्हातारी माणसं पहिली. त्यांना ‘आपली वंशावळ सांगा’ म्हटलं तर ती गडबडतात, त्यापेक्षा विचारा की लग्नात देवक कुठलं, कुलदैवत कुठलं, कुणाकुणाचं सुतक धरतो, आत्या कुठल्या गावाला दिली होती. सुतक कुणाचं धरायचं हे आजीला तोंडपाठ असतं आणि तीच तुमची भावकी. कुलदैवत जोतिबा सोडून लांबचं कुठलंतरी निघालं तर घराणं तिकडनं आलं असण्याची शक्यता धरून ठेवा, पुरावा म्हणून नव्हे, नुसता धागा म्हणून. मग माळ्यावरची भांडी खाली काढा, तांब्याचा हंडा, पितळेची परात, कळशी, यांच्यावर नावं कोरलेली असतात, कधी सालासकट, आणि लग्नात आलेल्या भांड्यावर माहेरच्या माणसाचं नाव असतं जे दुसऱ्या कुठल्याच कागदात सापडत नाही. देव्हाऱ्यातल्या पोथ्यांच्या पहिल्या-शेवटच्या पानांवरही बघा. ट्रंकेत करवीर सरकारचा शिक्का असलेले स्टॅम्पपेपर असतील तर ते खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र असण्याची शक्यता जास्त, मोडी लिपीत असले तरी फेकू नका आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला जुना कागद नंतर धड काढता येत नाही.

आणि एक गोष्ट, भावकीला आधीच सांगून ठेवा की हे कशासाठी चाललंय. तुम्ही जुने उतारे काढताय हे कळल्यावर चुलत्याला पहिली शंका येते ती जमिनीची, मग तो तोंड शिवून घेतो आणि त्याच्याकडंच नेमकी वाटणीपत्राची कॉपी असते.

घरच्या गोष्टींचं काय करायचं? कोल्हापुरात दर दुसऱ्या घरात पणजोबा शाहू महाराजांच्या पदरी पैलवान होते नाहीतर महाराजांनी स्वतः त्यांना बोलावून काहीतरी दिलं होतं. खोटंच असतं असं नाही. फक्त साल लावून बघा, महाराजांची कारकीर्द १८९४ ते १९२२, खासबाग मैदान १९१२ चं. पणजोबा जन्मले १९१० ला असतील तर महाराज गेले तेव्हा ते बारा वर्षांचे पोर, मग गोष्ट त्यांच्या वडिलांची असणार, एक पिढी खाली घसरलेली. गोष्टी अशा नेहमी घसरतात, ज्याचा फोटो भिंतीवर आहे त्याच्या नावावर जमा होतात.

जमिनीचा धागा

आजचा सातबारा घ्या, त्यावर खाली फेरफार (म्हणजे जमिनीच्या नावातल्या बदलाची नोंद) नंबर असतात गोलात, त्यातला सगळ्यात जुना नंबर धरा आणि त्या फेरफाराची नक्कल काढा, त्यात त्याच्या आधीचा नंबर सापडतो, असं एकेक करत मागं जायचं. सगळ्या कागदांत मला वारसाचा फेरफार सर्वात मोलाचा वाटतो, कारण त्यात अमुक माणूस अमुक तारखेला मयत, त्याला वारस बायको, मुलगे, कधी मुली, त्यांची वयं, कोण अज्ञान म्हणजे वयानं लहान आणि त्याचा पालनकर्ता कोण, एका दमात अख्खं कुटुंब मिळतं. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान पालनकर्ता आई) असं दिसलं तर समजायचं बाप लवकर गेला आणि पोरं लहान होती. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एकाचं असलं तरी मागं भाऊ आहेत, त्यांना शोधा.

मध्ये एक खड्डा येतो. जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळं आजचा गट जुन्या कागदात दिसतच नाही. तिथं एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा मागायचा, त्यात जुना नंबर आणि नवा गट समोरासमोर असतात. मोजणी ऑफिसात म्हणजे भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडं फाळणी, गुणाकार बुक, आकारबंद असतं, फाळणीत हिस्से पडताना कुणाचा हिस्सा कुठला ते नावानिशी येतं. हातानं लिहिलेल्या सातबाऱ्याच्या मागं जायचं तर क-ड-ई पत्रक, पाहणीपत्रक, इनामपत्रक ही नावं घेऊन मागा, ‘सगळ्यात जुना उतारा द्या’ म्हणून काही मिळत नाही. भूमी अभिलेख खात्याचं ‘आपले अभिलेख’ पोर्टल आहे, तिथं तालुका-गाव टाकून आधी घरबसल्या बघा, तिथं नाही निघालं तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज. ‘जीर्ण आहे, मिळणार नाही’ असं तोंडी उत्तर आलं तर भाऊसाहेबांना, म्हणजे तिथल्या कारकुनाला, गोडीत म्हणायचं, तेवढं लेखी द्या. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा कागद सापडतो.

शहरातल्या घराण्यांचं वेगळं. पेठेतलं घर असेल तर सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक काढा, वॉर्ड ए पासून ई पर्यंत, आणि शहराबाहेरची जी जमीन आता आत आली तिथं ‘रि.स.नं.’ म्हणजे रिव्हिजन सर्व्हे नंबर लागतो. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची आहे, घरपट्टीची जुनी रजिस्टरं हा पण एक रस्ता. दुय्यम निबंधकाकडं खरेदी-गहाणाच्या दस्तांच्या नावावार सूच्या असतात, तुमचा पणजोबा कर्जबाजारी असेल तर तुमचं नशीब, कारण गहाणखतात बापाचं नाव, जात, धंदा, वय, गाव सगळं लिहून घेतलेलं असतं. सुखी माणसाचा कागद होत नाही.

वतन होतं का?

पाटील, कुलकर्णी, चौगुला, महार, गुरव, सुतार, लोहार, न्हावी, देशमुख, सरदेसाई, कुठलंही वतन घराण्यात असेल तर तुमचं काम निम्मं झालं असं समजा. वतनावर भांडणं व्हायची, आणि भांडणात प्रत्येक पार्टी आपला कुर्सीनामा म्हणजे वंशावळ सरकारात सादर करायची, पाच-पाच सहा-सहा पिढ्यांची. अर्थात ती दावा जिंकायला केलेली असते, त्यामुळं विरुद्ध बाजूनं दिलेली पण बघा, दोन्हीत जे सारखं आहे ते घ्या. ‘तक्षीम’ शब्द दिसला की तिथं थांबा, तो वतनातला वाटा, आणि तक्षीमदार म्हणजे तुमच्या शाखेचे भाऊबंद.

संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ ला कुलकर्णी वतन काढून पगारी तलाठी नेमले आणि महार वतनही त्याच सुमाराला बंद केलं, त्यामुळं त्या काळात कुणाकडं काय होतं याचे कागद झाले. पुढं मुंबई राज्यात १९५० ला परगणा-कुलकर्णी वतनाचा, १९५८ ला कनिष्ठ वतनाचा आणि महाराष्ट्र झाल्यावर १९६२ ला मुलकी पाटीलकीचा कायदा आला, त्यावेळी जमिनी परत देताना वतनदारांच्या नोंदी झाल्या. म्हणजे वतन बंद होताना पुढच्या पिढ्यांची नावं मिळतात आणि वतनाच्या भांडणात मागच्या.

हे वतनाचे आणि दरबारी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. तिथं जाऊन आडनाव सांगू नका, तिथली सूची खात्यावार असते. गाव, साल आणि खातं हे तीन सांगा, म्हणजे ‘अमुक गाव, १८९० ते १९१०, पाटीलकी वतन’ असं. ओळखपत्र, अर्ज, पेन्सिल बरोबर ठेवा, फोटोची परवानगी आधी विचारा. कागद रुमालात बांधलेले असतात, ज्या क्रमात निघाले त्याच क्रमात परत ठेवायचे. पणजोबा संस्थानच्या नोकरीत असतील, शाळामास्तर, फौजदार, कारकून, तर करवीर सरकारचं गॅझेट आणि संस्थानचे वार्षिक रिपोर्ट बघा, नेमणुका आणि बदल्या त्यात येतात. पेशवाईतलं इनाम असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर, तिथं रुमालच ३९ हजाराच्या आसपास आहेत, त्यामुळं गाव-परगणा पक्का असल्याशिवाय पुण्याची एसटी पकडू नका.

मोडी आणि सालांचा घोळ

१९५० च्या आधीचं बरंचसं मोडीत असणार. मोडी शिकायला अवघड नाही, पुराभिलेख खाते स्वतः वर्ग घेतं, पण नुसतं नाव वाचण्याइतकं शिकलात तरी पुष्कळ. ह्रस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा सोडलेली नाही, वरची रेघ आधी मारून मग सलग लिहीत गेलेलं. युक्ती अशी की जो शब्द त्या कागदात असणारच, म्हणजे तुमच्या गावाचं नाव, तो आधी शोधा, त्यातनं त्या कारकुनाचं अक्षर कळतं आणि मग बाकीचं उलगडतं. ‘बि॥’ म्हणजे बिन, अमुकचा मुलगा, ‘को॥’ म्हणजे कोम, अमुकची बायको, मुसलमान घरात ‘वलद’, ‘मौ॥’ म्हणजे मौजे. ‘राणू बि॥ बाळू’ आणि दुसरीकडं ‘बाळू बि॥ राणू’ असं दिसलं तर घाबरू नका, नातवाला आजोबाचं नाव द्यायची रीत, त्यामुळं तीच दोन नावं शंभर वर्षं आलटून पालटून येतात आणि कोण बाप कोण पोरगा ते साल बघूनच ठरवायचं. आडनाव तर पुष्कळ ठिकाणी नसतंच, किंवा ‘पाटील’ असतं जे आज तुमचं नाही. दत्तकाचं पण ध्यानात ठेवा, एका कागदात एक बाप आणि पुढच्यात दुसरा दिसला की दत्तकपत्र शोधायला लागा.

मोडी वाचणाऱ्याकडं दिलंत तर त्याला आधी तुमच्या मनातलं नाव सांगू नका, सांगितलं की त्याला तेच दिसतं.

साल काढायचं गणित सोपं आहे. शकात ७८ मिळवा, फसलीत (साऱ्याच्या हिशोबाचं साल) ५९०. शके १८२० आणि फसली १३०८, दोन्ही १८९८-९९. त्याहून जुन्या कागदात अरबी आकडे शब्दात येतात, ‘खमस सलासीन मयातैन व अलफ’, म्हणजे पाच, तीस, दोनशे आणि हजार, १२३५, त्यात ५९९ मिळवा, १८३४-३५. फसली आणि हे अरबी साल दोन्ही मृगात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतात, म्हणून जानेवारी ते मेची तारीख असेल तर एक वर्ष पुढं धरायचं. तारखेआधी ‘छ’ दिसला तर ती मुसलमानी महिन्यातली चंद्राची तारीख.

जन्म-मृत्यू, शाळा, पलटण

गावातल्या जन्ममृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात. यात बाळाचं नाव बऱ्याचदा नसतं, ‘राणूस मुलगा’ एवढंच, जात मात्र असते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली त्यानंतर असले मोडी कागद मोठ्या प्रमाणावर वाचून जिल्ह्याच्या वेबसाइटवर गाववार चढवले गेले, तुम्हाला दाखला नको असला तरी तिथं गाव बघा, फुकटचं वाचलेलं मिळतं. शाळेसाठी जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा मागायचा. संस्थानात १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आलं त्यामुळं शेतकऱ्याचं, बलुतेदाराचं पोरगं पण रजिस्टरात सापडू शकतं. जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नका, एका वर्गातली निम्मी पोरं १ जूनला जन्मलेली असतात.

पलटणीत होते असं घरात म्हणत असतील तर पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजचा इराक) होत्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. जो परत आला नाही त्याच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट बघा, शिपायाच्या नावापुढं कधी बापाचं, बायकोचं आणि गावाचं नाव असतं, स्पेलिंग गोऱ्यानं ऐकलं तसं, त्यामुळं चार प्रकारे टाकून बघा. गावात संगमरवरी पाटी असेल ‘या गावातून इतके गेले, इतके मेले’ अशी, तिच्यावर नावं नसतात पण आकडा तपासायला उपयोगी. जो जिवंत परत आला त्याचं कठीण, बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला नंबर, पलटण, साल यातलं काहीतरी घेऊनच पत्र टाका, मेडलच्या कडेवर नंबर कोरलेला असतो.

घराणं ख्रिस्ती असेल तर चर्चची बाप्तिस्मा-लग्नाची रजिस्टरं, कोल्हापुरात अमेरिकन मिशन १८५२ ला रॉयल वाइल्डरनं सुरू केलं आणि पुढं ते प्रेसबिटेरियनांकडं गेलं, त्यांचे कागद फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. घरात कुणी ‘मोरसला गेला तो परत आलाच नाही’ म्हणत असतील तर मॉरिशसच्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटला लिहा, गिरमिट्यांची म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची रजिस्टरं त्यांच्याकडं आहेत, गाव, बापाचं नाव, कधी फोटोसुद्धा.

हेळवी

हे कागदवाल्यांना आवडत नाही पण मी सांगणारच. आपल्या भागात, म्हणजे कोल्हापूर, सांगली, बेळगाव पट्ट्यात, हेळवी येतात, पूर्वी बैलावर बसून, आता गाडीनं, सुगी झाल्यावर. ते घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतात, मूळ गाव कुठलं, कोण कुठनं कुठं गेला, आणि चोपडीत नव्या पोरांची नावं घालून घेतात, धान्य-पैसे घेऊन जातात. प्रत्येक हेळव्याची घराणी ठरलेली, म्हणून कुठलाही चालत नाही, भावकीतल्या थोरल्या घरी चौकशी करा की मागं कोण आला होता आणि त्याचा फोन आहे का. आला की रेकॉर्डिंग करा, चोपडीच्या पानाचा फोटो विचारून घ्या. अलीकडच्या चार-पाच पिढ्या बऱ्याच वेळा फेरफाराशी जुळतात, त्याच्या मागं राजे-रजवाडे सुरू झाले की ऐकायचं, दक्षिणा द्यायची, वहीत पेन्सिलीनं लिहायचं. तसंच पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या, तिथं आडनावापेक्षा गाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते कळतं, आणि एखाद्या वहीत खापरपणजोबानं स्वतःच्या हातानं लिहिलेल्या दोन ओळी असतात, कोण कोण आलो होतो आणि मागं घरी कोण आहे.

या सगळ्यांत बायका कमी सापडतात. सून येते तेव्हा नाव बदलतं, मुलगी जाते तेव्हा नोंदच संपते. पणजीचं माहेर शोधायचं तर विधवा म्हणून लागलेला फेरफार, माहेरच्या वाटणीपत्रातलं हक्कसोड, भांड्यावरचं नाव आणि मामाचं गाव, एवढ्यातनंच. तिच्या गावाला जाऊन तिथल्या पाटलाला नाही, तिथल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा.

शेवटी नोंदी ठेवताना प्रत्येक माणसाला एक पान द्या आणि प्रत्येक माहितीपुढं ती कुठनं आली ते लिहा, फेरफार नंबर, रुमाल नंबर, ‘आत्यानं सांगितलं’, जे असेल ते. दोन वेगळ्या ठिकाणचे कागद जुळले तर पेनानं, एकच असेल तर पेन्सिलीनं. आणि सगळ्याचे फोटो भावकीतल्या निदान दोघांच्या मोबाईलात टाकून ठेवा, त्यातला एक गावात राहणारा असू दे, कारण पुढचा हेळवी त्याच्याच दारात येणार.